लस घ्यायला बिचकणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, आणि त्याआधी गप्प कसं बसायचं

आधी माझा स्वतःचा घोळ सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कुठून आलंय ते कळेल. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या मुलीची गोवराची लस राहिली होती, तारीख उलटून चार-पाच महिने झालेले, मला हे कळलं एका रविवारी आणि त्याच रात्री अकरा वाजता मी त्याला एकामागून एक नऊ लिंक पाठवल्या, त्यातल्या दोन तर चाळीस-चाळीस पानांच्या पीडीएफ. ब्लू टिक दिसली, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी अजून तीन पाठवल्या. मग दादा महिनाभर माझा फोन उचलेना, शेवटी एकदा वहिनीने उचलला आणि तिचं पहिलं वाक्य, "भाऊजी, आम्ही काय अडाणी आहोत का?"

खरं कारण नंतर कळलं, तेही मी विचारलं म्हणून नव्हे, ती बोलता बोलता बोलून गेली म्हणून. मुलीला आधीच्या लसीनंतर दोन रात्री सणसणून ताप होता. ताप येऊ शकतो हे तिथे कुणी सांगितलंच नव्हतं, कार्डावरच्या नंबरला फोन केला तर कुणी उचलला नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं तर "होतं असं, एवढं काय त्यात" म्हणून वाटेला लावलं. अँटिबॉडी, ट्रायल, डेटा, यातल्या कशाशीच त्या दोघांचं देणंघेणं नव्हतं. परत असं झालं तर आपल्या बाजूने कोण उभं राहणार एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि मी पाठवत होतो पीडीएफ.

त्यानंतर मी काही महिने लसीकरणाच्या ठिकाणी नोंदणीच्या टेबलावर व्हॉलंटियर म्हणून बसलो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्या टेबलावर एक गोष्ट रोज दिसायची: बाटलीतलं औषध कुणालाच कळत नाही, मला नाही, रांगेतल्या इंजिनियरलाही नाही. दिसतो तो देणारा माणूस, आणि हो की नाही ते त्याच्याकडे बघून ठरतं. खाली लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतंय. घरातल्या कुणाशी बोलायचं असेल तर पहिला अर्धा भाग तुमच्यासाठी, आणि तुम्ही स्वतः लसीकरणाचं काम करत असाल तर मधला "काही चुकलं तर" वाला भाग नक्की वाचा.

समोर कोण आहे ते आधी बघा

लस न घेतलेला प्रत्येक माणूस लसविरोधी असतो असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. कट्टर विरोधक असतात, पण फार थोडे, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, पालथ्या घड्यावर पाणी. बाकीचे मधले असतात. काहींनी एक लस घेतलीय दुसरी नाही, काहींना घ्यायचीय पण भीती वाटते, काहींचं नुसतं राहून गेलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्याला असलेल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली त्यात लसीबाबतची चालढकल होती, आणि चालढकल हाच शब्द बरोबर आहे, कारण त्यात नकार असतोच असं नाही.

या विषयात काम करणारे लोक कारणांचे साधारण तीन गठ्ठे करतात. भरवसा नाही, गरज वाटत नाही, आणि सोय नाही. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या माणसाला लसीचं महत्त्व सांगत बसलात तर तो वैतागेल, त्याला फक्त सुट्टीच्या दिवशी कुठे उघडं असतं ते सांगा, जमलं तर बरोबर जा. दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांनी तो आजार कधी बघितलेलाच नसतो. घटसर्पाने गळा बंद होऊन गुदमरणारं पोर आज कुणी पाहिलंय, त्यामुळे आजार लांबचा वाटतो आणि सुई जवळची. हे लसीचंच यश आहे आणि तेच तिच्या मुळावर येतं. पहिला गठ्ठा, भरवशाचा, तो सगळ्यात अवघड, म्हणून उरलेला सगळा लेख त्याच्यावरच.

कुठल्या गठ्ठ्यातला माणूस आहे हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो, "राहिलीय ती, काही अडलंय का?" आणि मग गप्प बसतो. खरंच गप्प. मनात वीसपर्यंत मोजा हवं तर. बहुतेक लोक दहा-बाराच्या आसपास बोलायला लागतात.

अफवेच्या खाली काय पुरलंय ते उकरा

अफवा ऐकली की आपला पहिला रिॲक्शन असतो हसण्याचा, "लसीने मूल होत नाही म्हणे, काहीही". थांबा जरा. अफवा खोटी असते पण ती ज्या जमिनीत रुजते ती जमीन बऱ्याचदा खरी असते.

नायजेरियातल्या कानोचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये तिथल्या नेत्यांनी आणि धर्मगुरूंनी पोलिओच्या थेंबांवर बहिष्कार टाकला, थेंबांनी वंध्यत्व येतं, एचआयव्ही होतो, असलं सगळं पसरलं होतं. बाहेरच्या जगाने कपाळावर हात मारला. पण त्याच कानोमध्ये १९९६ साली मेंदुज्वराची मोठी साथ चालू असताना फायझर कंपनीने ट्रोव्हान नावाच्या अँटिबायोटिकची ट्रायल सुमारे २०० मुलांवर केली होती, त्यातली ११ मुलं दगावली, काही नवं औषध दिलेल्या गटातली, काही नेहमीचं औषध दिलेल्या गटातली, म्हणजे मृत्यू औषधानेच झाले असं म्हणता येत नाही, पण आईबापांना नीट विचारलंच नव्हतं असा आरोप झाला आणि कोर्टकचेऱ्या कित्येक वर्षं चालल्या. आता तुम्ही कानोतले बाप आहात आणि दारावर परदेशी पैशाने आलेलं फुकट औषध घेऊन कुणीतरी उभं आहे. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच.

बहिष्कार साधारण वर्षभर टिकला, तिथला विषाणू बाहेर पडून डझनाहून जास्त देशांत पोचला. आणि सुटला कसा, तर भाषणांनी नाही. इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिम बहुसंख्य देशातून आलेली लस वापरायची असं ठरलं, तपासण्या झाल्या, स्थानिक नेते त्यात सामील झाले, मग २००४ मध्ये थेंब परत सुरू झाले. औषध तेच, पोलिओचंच. पाठवणारा बदलला. (नायजेरियातला जंगली, म्हणजे लसीतून न आलेल्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण २०१६ सालचा, आणि २०२० मध्ये आख्खा आफ्रिका खंड जंगली पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणजे गेलेला भरवसा परत येतो, पण वेळ लागतो आणि मधल्या काळात मुलं लुळी होतात.)

पाकिस्तानात तर अफवा खरीच निघाली. २०११ मध्ये बिन लादेनचा माग काढायला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर खात्याने ॲबटाबादमध्ये हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाची खोटी मोहीम चालवली होती. लस देणारे हेर असतात असं कुणी त्याआधी म्हटलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. २०१४ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की इथून पुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही, पण तोवर पोलिओच्या कामावरच्या कित्येक लोकांचे, त्यात बायका-मुलीही होत्या, जीव गेले होते. हेरगिरी कुणी केली आणि किंमत कुणी मोजली बघा.

म्हणून कुणी विचित्र काही म्हणालं तर खोडू नका लगेच. विचारा, "हे कुठे ऐकलंत? तुमच्या ओळखीत कुणाला झालं का असं?" दहापैकी पाच-सहा वेळा मागून एक खरी घटना बाहेर येते, कुणीतरी झिडकारलेलं असतं, कुणाचा तरी चुकीचा इलाज झालेला असतो, आणि बऱ्याचदा त्या घटनेचा लसीशी संबंधही नसतो. घोडं तिथे पेंड खात असतं.

प्रत्यक्ष बोलताना

टेबलावर माझ्या शेजारी एक सीनियर नर्स असायच्या, त्यांचं बघून मी जे शिकलो ते असं. एक आजी यायच्या नातवाला घेऊन, दोनदा येऊन परत गेलेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हाचं संभाषण मला जवळजवळ पाठ आहे.

"आजी, आज पण विचार पक्का नाही ना?"
"नाही बाई. सूनबाई म्हणते दे, लेक म्हणतो नको."
"तुम्हाला काय वाटतं?"
"मला..." (इथे बराच वेळ शांतता, मागची रांग चुळबुळ करतेय आणि नर्सबाई ढिम्म) "मला वाटतं एकदम तीन-तीन सुया, एवढंसं पोर आहे."
"हां, तीन सुया बघवत नाहीत, रडतं पोर. यावर मी एक सांगू का, चालेल?"
"सांगा की."
"हे पोर दिवसभर जमिनीवरचं काय काय तोंडात घालतं, त्यात जेवढे जंतू असतात त्याच्यापुढे या तीन सुयांत काहीच नाही. त्याचं शरीर रोज याच्यापेक्षा जास्त काम करतंय. तरीपण तुम्ही म्हणत असाल तर एक आज, बाकीच्या पुढच्या वेळी, पण मग तेवढे दिवस त्या आजारांपासून हा उघडाच राहणार, आणि परत परत रडवणार त्याला."

आजींनी तिन्ही दिल्या. नेहमी असं होत नाही, दोनदा परत गेलेली दुसरी एक बाई तिसऱ्यांदा आलीच नाही. पण त्या संवादात काय काय झालं ते बघा. आधी विचारलं, मग ऐकलं तेच आपल्या तोंडाने परत म्हटलं, मग सांगायची परवानगी मागितली, मग एकच मुद्दा सांगितला, आणि निर्णय आजींच्या हातात ठेवला. याचं रीतसर प्रशिक्षण असतं, कॅनडातल्या क्यूबेकमध्ये बाळंतपणाच्या वॉर्डात आयांशी या पद्धतीने बोलायचा कार्यक्रम चालवला आणि त्याने लसीकरण वाढलं. परवानगी मागणं फालतू वाटतं ऐकायला, मलाही वाटायचं, पण "सांगू का" म्हटलं की समोरचा ऐकायच्या तयारीत येतो आणि न विचारता सांगितलं की तो उत्तराच्या तयारीत येतो.

याच्या उलट वाटेल अशीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये डॉक्टर आणि पालकांच्या भेटींचे व्हिडिओ करून अभ्यास झाला, त्यात दिसलं की डॉक्टरने "आज या या लसी द्यायच्या आहेत" असं सरळ म्हटलं तर पालकांचा विरोध बराच कमी, आणि "मग काय ठरवलंय लसीचं?" असं विचारलं तर बराच जास्त. आणि पहिल्यांदा नाही म्हणालेल्यांना डॉक्टरने शांतपणे पुन्हा सुचवलं तर निम्म्याच्या आसपास पालक तयार झाले. माझं मत असं की दोन्ही खरं आहे, सुरुवात सरळ करायची, "आज हिची गोवराची लस आहे", आणि समोरचा अडखळला तर मात्र लगेच बोलणं थांबवून ऐकायला लागायचं. अडखळलेल्या माणसावर तोच सरळपणा रेटला तर ती दमदाटी होते.

आणि पुराव्यांचा मारा. माझा आवडता रोग. २०१४ मध्ये एक प्रयोग छापून आला, एमएमआर लसीने (गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची मिळून एक लस) ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होत नाही हे अमेरिकेतल्या पालकांना व्यवस्थित समजावून सांगितलं. गंमत बघा, लोकांचा गैरसमज खरंच कमी झाला, पण जे आधीपासून लसीवर सगळ्यात नाराज होते त्यांचा पुढच्या मुलाला लस द्यायचा इरादा आणखी घसरला. म्हणजे माणसाला एक मुद्दा पटला, आणि तो दुसरा शोधायला लागला. माझ्या नऊ लिंकांचं काय झालं ते यावरून मला फार उशिरा कळलं.

तरी तो ऑटिझमचा विषय निघतोच, तेव्हा थोडक्यात माहीत असू द्या. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा पेपर छापला. बारा. लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळाले होते हे नंतर उघड झालं, मुलांच्या नोंदींमध्ये फेरफार सापडले, २०१० मध्ये पेपर मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं. उलट बाजूला, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ मध्ये निकाल आला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा फरक नाही. हे विचारलं तरच सांगा, आणि एका दमात सांगून मोकळे व्हा.

फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला तर ग्रुपवर उत्तर देऊ नका हे माझं ठाम मत. काकांना चारचौघांत खोटं पाडलंत तर ते तो फॉरवर्ड मरेपर्यंत सोडणार नाहीत. वेगळा फोन करा. ग्रुपवर काही लिहायचंच असेल तर अफवा परत न लिहिता फक्त खरं काय ते दोन ओळीत लिहा, कारण अफवा खोडताना आपणच ती आणखी चाळीस जणांना वाचायला देतो.

साइड इफेक्ट स्वतःहून सांगा, त्याने विचारायच्या आधी

इथे बहुतेकांचं चुकतं. माणूस आधीच घाबरलाय, त्याला अजून कशाला घाबरवा, म्हणून "काही होत नाही हो" म्हणतात. मग ताप येतो. एका तापात तुमचं सगळं बोलणं खोटं ठरतं, आणि दादाच्या घरीही आधी न सांगितलेल्या तापानेच भरवसा गेला.

कोविडच्या काळात डेन्मार्क आणि अमेरिकेत केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला. लसीबद्दलच्या नकारात्मक गोष्टी उघडपणे सांगितल्या तर त्या लसीला तयार होणारे लोक कमी होऊ शकतात, हे खरं निघालं. पण भरवसा वाढला आणि कटकारस्थानांवरचा विश्वास कमी झाला. गुळमुळीत, सगळं छान आहे टाइप बोलण्याने मात्र तयारी वाढली नाहीच, भरवसा तेवढा घटला. म्हणजे खरं सांगण्याची किंमत आज मोजावी लागते, फायदा पुढच्या लसीला, पुढच्या साथीत. ज्याला या महिन्याचं टार्गेट पूर्ण करायचंय त्याला हे परवडत नाही, आणि मला वाटतं अर्धा घोळ तिथेच आहे.

आकडे सांगायचे तर एकाच मापाने सांगा. लसीचा धोका टक्क्यात आणि आजाराचा हजारात असं केलंत की कुणालाच काही कळत नाही. गोवराचंच घ्या, दोन्हीकडे एक लाख मुलं धरा. एमएमआर लस दिलेल्या एक लाख मुलांत साधारण २५ ते ३५ जणांना तापामुळे झटका येऊ शकतो, बघायला भयंकर असतो पण सहसा कायमचं नुकसान करत नाही. गोवर झालेल्या एक लाख मुलांत मात्र साधारण १०० जणांच्या मेंदूला सूज येते आणि १०० ते ३०० मुलं दगावतात, चांगले दवाखाने असलेल्या देशांतही. जोराची ॲलर्जी, जिच्यासाठी लसीनंतर थोडा वेळ तिथेच बसवतात, ती दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्याला. आणि गोवर इतका पसरतो की एका रुग्णापासून लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना होऊ शकतो, म्हणून ९५ टक्के लोकांनी लस घेतलेली असावी लागते, नाहीतर साखळी तुटत नाही.

"धोका असेल तर ते आपल्याला सांगतील कशावरून?" हा प्रश्न मला फार योग्य वाटतो आणि त्याचं उत्तर आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची) लस आली, १९९९ च्या उन्हाळ्यात जेमतेम १५ बाळांत आतडं आतड्यात शिरल्याच्या तक्रारी आल्या आणि लस थांबवली, ऑक्टोबरपर्यंत ती बाजारातून गेली. धोका होता साधारण दहा हजारांत एक. २०२१ मध्ये जॉन्सन कंपनीची कोविड लस अमेरिकेत ६८ लाख डोसांनंतर सहा बायकांमधल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे दहा दिवस थांबवली. अडुसष्ट लाखांत सहा. लस थांबते तेव्हा लोक म्हणतात बघा, घातकच होती. मी म्हणतो थांबली म्हणजे कुणीतरी खरंच मोजतंय.

काही चुकलं तर (काम करणाऱ्यांसाठी)

दोन घटना शेजारी ठेवतो. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल, हाफकिन या शास्त्रज्ञाने बनवलेली प्लेगची लस १०७ जणांना दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले. दुसरी, जुलै २०१८, सामोआ, पॅसिफिक महासागरातला दोनेक लाख वस्तीचा देश, एमएमआर दिल्यावर काही मिनिटांत दोन बाळं गेली. लस पावडरमध्ये असते आणि पाण्यात कालवून देतात, तिथे पाण्याऐवजी स्नायू सैल करणारं औषध घातलं गेलं होतं. एकशे सोळा वर्षांचं अंतर आणि चूक तीच, लस नीट, हाताळणी चुकलेली.

आणि दोन्हीकडे नंतर जे झालं तेही सारखंच. हाफकिनवर ठपका ठेवून त्याला बाजूला केलं, तो निर्दोष असल्याचं १९०७ पर्यंत कुणी मान्य केलं नाही. सामोआत एमएमआर दहा महिने बंद ठेवली, तोवर अफवांनी घर केलं, पहिला डोस घेतलेल्या बाळांचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं, आणि २०१९ च्या शेवटी गोवर शिरला. ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस आख्खा देश बंद ठेवला, ज्या घरात लस राहिलेलं कुणी आहे त्या घरांनी बाहेर लाल कापड लावायचं, आणि टीम घरोघर फिरल्या. दोन बाळांच्या मृत्यूचं कारण तेव्हाच, लोकांना कळेल अशा भाषेत, परत परत सांगितलं असतं तर काय झालं असतं हे माझ्या डोक्यातून जात नाही.

थांबवणं चूक नसतं. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर नावाच्या कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेला, सुमारे २०० मुलांना पांगळेपणा आला, दहा मेली. याहून वाईट काय होणार. पण लगेच बाटल्या परत घेतल्या, काही दिवस सगळं लसीकरण थांबवून कारखाने तपासले, नियम कडक केले, आणि लोक परत आले, १९५५ साली २९ हजारांच्या आसपास असलेले पोलिओचे रुग्ण १९५७ मध्ये साडेपाच हजारांवर आले. याच्या उलट जपानचं, तिथे एप्रिल २०१३ मध्ये एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) नियमित यादीत घेतली, जूनमध्ये, लस देणं चालू ठेवून, फक्त शिफारस काढून घेतली. ना धड बंद ना धड चालू. आधी ७० टक्क्यांच्या आसपास मुली घेत होत्या, ते एक टक्क्याच्या खाली गेलं, आणि शिफारस परत आली एप्रिल २०२२ मध्ये. लोक मौनाचा अर्थ नेहमी वाईटच लावतात.

फिलिपिन्सचं पण बघून ठेवा, कारण तिथे लसीतच खोट होती. डेंगीची लस शाळेतल्या आठ लाखांहून जास्त मुलांना दिल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने स्वतः सांगितलं की ज्यांना आधी डेंगी झालेला नाही त्यांना हिने पुढचा डेंगी जास्त जोराचा होऊ शकतो. लसी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे म्हणणारे २०१५ मध्ये ९३ टक्के होते, २०१८ मध्ये ३२. लक्षात घ्या, प्रश्न सगळ्या लसींबद्दल होता. डेंगीच्या लसीवरचा राग गोवराच्या लसीवर निघाला, आणि २०१९ मध्ये तिथेही गोवराची मोठी साथ आली.

तर काही घडलंच तर त्याच दिवशी बोला. काय झालंय, काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, कोण तपासतंय, आणि पुढची माहिती कधी देणार, दिवस आणि वेळ सांगून. त्या वेळी सांगायला नवीन काही नसलं तरी येऊन "नवीन काही नाही" हे सांगा. ज्या घरात घडलंय त्या घरी आधी जा, पत्रकारांकडे नंतर. आणि "लसीचा संबंध नाही" हे तपासाच्या आधी कधीच म्हणू नका, नंतर ते खरं ठरलं तरी कुणी मानणार नाही.

कुणाच्या तोंडून

२०१८ मध्ये १४० हून जास्त देशांत सुमारे १,४०,००० लोकांना विचारलं, लस सुरक्षित आहे म्हणणारे जगभरात ७९ टक्के निघाले, बांगलादेश आणि रवांडात ९७ च्या आसपास, आणि लसींवर मूलभूत काम केलेल्या लुई पाश्चरच्या फ्रान्समध्ये दर तिसरा माणूस म्हणाला सुरक्षित नाही. त्याच पाहणीत बहुतेकांनी आरोग्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त भरवसा डॉक्टर आणि नर्सवर असल्याचं सांगितलं. त्यामुळे सेलिब्रिटीचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्यापेक्षा त्या माणसाच्या ओळखीची नर्स शोधा, नात्यातली, शेजारची, कुणीही.

दुसरा आवाज चालतो तो ज्याने भोगलंय त्याचा. आयर्लंडमध्ये मुलींचं एचपीव्ही लसीकरण ८७ टक्क्यांवरून दोन वर्षांत ५१ वर आलं होतं. २०१७ मध्ये लॉरा ब्रेनन नावाची मुलगी, गर्भाशयमुखाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता, स्वतः आरोग्य खात्याला फोन करून म्हणाली मला काही करता येईल का. ती टीव्हीवर आली, आयांशी बोलली, मार्च २०१९ मध्ये २६ व्या वर्षी गेली. तोवर आकडा ७० च्या आसपास परत आला होता.

सक्तीबद्दल एवढंच, सक्तीने आकडे वाढतात हे खरं आहे, पण इंग्लंडने १८५३ मध्ये देवीच्या लसीची सक्ती केली, पुढे दंड आणखी कडक केले, त्यातून १८८५ मध्ये लेस्टरला हजारो लोकांचा मोर्चा निघाला आणि १८९८ मध्ये मनाविरुद्ध असेल त्याला सूट द्यावी लागली. घरात तर सक्ती चालतच नाही.

लस दिल्यानंतर

आपलं काम झालं असं समजून इथे सगळे घरी जातात. दादाकडे मी परत गेलो तेव्हा लसीचं काहीच बोललो नाही, फक्त म्हटलं, वहिनी, त्या वेळी तुमच्याशी जे वागले ते चुकीचंच होतं. ती बराच वेळ बोलत होती. शेवटी म्हणाली, परत ताप आला तर रात्री फोन कुणाला करायचा? आमच्या टेबलावरच्या त्या नर्सबाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं, त्यांचा नंबर दिला, आणि म्हटलं पहिला फोन मला करा. पुढच्या आठवड्यात मुलीला लस दिली.

गोवराच्या लसीचा ताप त्या रात्री येत नाही, तो साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात येतो, कधी अंगावर थोडं पुरळही. हे आधी सांगितलं नाही तर आईबापांना वाटतं लसीने गोवरच झाला. त्या संध्याकाळी एक फोन करा, आणि सातव्या दिवसाचा रिमाइंडर लावून परत करा. मला वहिनीचा फोन आला आठव्या रात्री, दीड वाजता, ताप एकशे एक. मी नर्सबाईंना उठवलं, त्यांनी वजन विचारून औषध किती द्यायचं ते सांगितलं, कशाकशाने लगेच दवाखाना गाठायचा तेही सांगितलं, अडीच वाजता वहिनीचा मेसेज, झोपली. तेव्हा ते पाच-सहा दिवस फोन सायलेंटवर ठेवू नका.